दारावरची भीमाबाई

रोज सकाळी सात वाजता सुखदेवकाका दार उघडून बाहेर यायचे आणि दारावरची पितळी पाटी पुसायचे. लीड्समध्ये पाऊस पडून गेला नाही अशी सकाळ क्वचितच उजाडते, त्यामुळे पाटीवर थेंब असायचेच. जुन्या बनियनच्या तुकड्याने ते आधी पाणी टिपायचे, मग त्याच तुकड्याच्या कोरड्या टोकाने एकेका अक्षरावरून बोट फिरवायचे. पाटीवर एकच नाव होतं, वर देवनागरीत आणि खाली इंग्रजीत. भीमाबाई रामटेके.

घरात भीमाबाई नावाचं कुणी राहत नव्हतं.

मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहायला गेले त्या दिवशी दारात बॅगा टेकवून विचारलं, ‘‘भीमाबाई म्हणजे काकू का?’’

‘‘नाही. काकू श्यामला. ती सहा वर्षं झाली, गेली. भीमाबाई माझी आई.’’

‘‘त्या इथं असतात?’’

‘‘ती इथं कधी आलीच नाही, बाप्पा. विमानात बसायला भ्यायची. म्हणायची, दारावर माझं नाव लाव, मग येतो. मी लावलं. तरी आली नाही.’’ मग माझी मोठी बॅग उचलत म्हणाले, ‘‘आता काढून काय करायचं? आली असती तर दार सापडायला पाहिजे ना.’’

पोस्टमन त्यांना ‘मिस्टर बिमाबाय’ म्हणायचा. शेजारच्या हार्डकासलबाई तेच म्हणायच्या, आणि अठरा वर्षांत काकांनी त्यांना एकदाही दुरुस्त केलं नव्हतं. ‘‘नाव माझ्या आईचं आहे,’’ ते म्हणायचे, ‘‘त्यात चूक काय काढू?’’

पण हा माणूस नावाच्या बाबतीत चूक खपवून घेणारा नव्हता. सोळा वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या तळघरात ऑपरेशनची अवजारं धुऊन, निर्जंतुक करून, ट्रेमध्ये बांधण्याचं काम केलं होतं. चिमटे, कात्र्या, आकडे. यादीतल्या प्रत्येक वस्तूवर बोट ठेवायचं, मोठ्याने तिचं नाव घ्यायचं, मग ती ट्रेमध्ये ठेवायची. शेवटी वर लेबल चिकटवायचं आणि त्यावर बांधणाऱ्याचं नाव लिहायचं. लेबलवर एक अक्षर चुकलं तरी ट्रे परत यायचा, आतलं सगळं निर्जंतुक असलं तरी. ‘‘नाव बरोबर नसेल तर आतलं कितीही स्वच्छ असू दे, कोणी हात लावत नाही,’’ हे ते कामाबद्दल सांगत. बराच काळ मला ते फक्त कामाबद्दलच वाटत होतं.

भीमाबाईंची गोष्ट त्यांनी मला तुकड्यातुकड्याने सांगितली, बहुतेक वेळा स्वयंपाक करताना. कांदा चिरताना जास्त.

त्यांचं माहेरचं नाव दगडी. भंडाऱ्याकडच्या ज्या गावात त्या जन्मल्या तिथं त्यांच्या वस्तीतल्या मुलांना चांगली नावं ठेवली, तर गावातली माणसं हसायची. कचऱ्या, धोंड्या, दगडी, असलीच नावं त्यांना शोभतात असं सगळ्यांनी ठरवलेलं होतं. ऑक्टोबर छप्पन्नमध्ये एकोणीस वर्षांची दगडी नवऱ्याबरोबर नागपूरला गेली, लाखो माणसांच्या गर्दीत उभी राहिली, आणि परत येताना तिने रेल्वेतच नवऱ्याला सांगितलं, मी आता भीमाबाई. बाबासाहेबांच्या आईचं नाव.

‘‘तेव्हा मी तिच्या पोटात होतो,’’ काका म्हणायचे, ‘‘सहा महिन्यांचा. माझी दीक्षा बिनतिकिटाची.’’

घरी आल्यावर सासूने हाक मारली, दगडे! भीमाबाईंनी ओ दिली नाही. तीन दिवस सासू दगडे म्हणत राहिली आणि सून मुकाट्याने काम करत राहिली, पण ओ नाही. चौथ्या दिवशी सासू चुलीपाशी बसून म्हणाली, ‘‘भीमे, भाकर टाक वं माय, भूक लागली.’’ हे सांगताना काका चाकू खाली ठेवून हसायचे. डोळे कांद्याने भरलेले असायचे.

त्या नावाने त्या पासष्ट वर्षं जगल्या. २०२१च्या मे महिन्यात त्या गेल्या तेव्हा विमानं बंद होती. काकांनी आईचा अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिला. दीड महिन्याने पुतण्याने मृत्यूच्या दाखल्याचा फोटो पाठवला. कुठल्या जुन्या रजिस्टरातून कुणी उतरवलं कोण जाणे, दाखल्यावर नाव होतं, दगडी.

काकांच्या मुलाने, विक्रांतने, ऑनलाइन अर्ज केले. तो मेडनहेडला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तीन वर्षांचा असताना इकडे आलेला. फोनवर त्याचा आवाज स्पीकरमधून स्वयंपाकघरभर यायचा.

‘‘बाबा, मी परत ईमेल केला. ते म्हणतात आजीचा नाव बदलायला ओरिजिनल डॉक्युमेंट पाहिजे. तिचा बर्थ सर्टिफिकेट.’’

‘‘तिचं. आणि जन्माचा दाखला कुठून आणू? त्या वस्तीत कोण दाखले द्यायला आलं होतं?’’

‘‘आय नो, बाबा. पण सिस्टम असाच आहे.’’

‘‘माहीत आहे मला सिस्टम,’’ काका म्हणाले, ‘‘जिवंत होती तवर तिने नाव धरून ठेवलं. हात सुटला तसं यांनी ओढून घेतलं.’’

श्यामलाकाकूंच्या नावाची छोटी पट्टी लीड्सच्या स्मशानभूमीतल्या गुलाबांच्या वाफ्यात आहे. तिच्यावरचं अक्षर न् अक्षर बरोबर आहे, काकांनी बोट ठेवून तपासलेलं. आईचंही नाव इथंच लाव, असं विक्रांतने सुचवलं होतं. काकांनी मान हलवली. आईने जागा सांगून ठेवली होती.

ती जागा म्हणजे एका कॅलेंडरचं पान. अवजारं बनवणाऱ्या कुठल्याशा जपानी कंपनीचं कॅलेंडर एका वर्षी तळघराच्या भिंतीवर होतं. त्यातला नोव्हेंबर काकांनी वर्ष संपल्यावर काढून घरी आणला. काळ्या लाकडाची बुटकी घरं, मधून वाहणारा अरुंद पाट, पांढऱ्या भिंतींची कोठारं, आणि टेकडीवर एक देऊळ. खाली गावाचं नाव, हिनोसे. हे पान त्यांनी एकदा व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. म्हातारीने फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

‘‘हे बुद्धाचं गाव हाय?’’

‘‘सगळा देशच बुद्धाचा आहे, आई.’’

‘‘सगळे? मंग तिथं कोनी कोनाले इचारत नसन, तू कोन म्हून?’’

‘‘नसेल विचारत.’’

‘‘मंग माह्यं नाव तिथं लिवून ठेव, लेका.’’

बस, एवढंच. म्हातारी गमतीत बोलली की खरोखर, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. पण दाखला आल्यापासून ते वाक्य त्यांच्या मनातून जात नव्हतं. मी विद्यापीठात जपानी साहित्यात एम. ए. करतेय हे कळल्यावर त्यांनी पहिल्याच आठवड्यात ते पान माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, ‘‘तनू, तुला पत्र लिहिता येतं का यांना?’’

मी लिहिलं. हिनोसेच्या देवळात एक कुसानो नावाचे पुजारी होते. मृत माणसासाठी तिथं लाकडाची एक उंच, अरुंद फळी उभी करतात, तिच्यावर शाईने त्याचं नाव असतं, कबरीमागे अशा फळ्यांची रांग असते. एका भारतीय बौद्ध स्त्रीच्या नावाची अशी फळी उभी करता येईल का, असं मी विचारलं. तिची हकिगत मोजक्या शब्दांत लिहिली: नाव, वय, मुलगा कुठे असतो. दगडीबद्दल लिहिलं नाही. ते लिहायची गरज वाटली नाही. उत्तर चार दिवसांत आलं. जरूर या. आम्ही सगळी तयारी करून ठेवतो.

त्या दोन ओळींवर काका दोन दिवस खूश होते. चिवडा करायला घेतला, तो जपानला न्यायला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही गेलो. विक्रांतला रजा मिळत नव्हती. विमानतळावर सोडायला आला तेव्हा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘तनू, तिथं काही गडबड झाली तर त्यांना जरा सॉफ्टली सांग हं. ही वोन्ट शो इट, पण हा गोष्ट त्यांच्यासाठी खूप मोठा आहे.’’

शेवटची गाडी एका डब्याची होती. पांढरे हातमोजे घातलेला ड्रायव्हर प्रत्येक सिग्नलकडे बोट करून मोठ्याने काहीतरी म्हणत होता. काका जागेवरून उठून त्याच्या काचेमागे जाऊन उभे राहिले.

‘‘काय म्हणतो तो?’’

‘‘सिग्नल हिरवा आहे, असं.’’

‘‘स्वतःलाच सांगतो?’’

‘‘हो. चूक होऊ नये म्हणून.’’

‘‘आमच्या तळघरातला माणूस आहे हा,’’ काका म्हणाले आणि सगळा प्रवास तिथंच उभे राहिले.

हिनोसे अगदी कॅलेंडरसारखंच होतं, फक्त अर्धी घरं बंद होती. पाटातून पाणी वाहायचा आवाज सगळ्या गावात ऐकू येत होता, कारण दुसरा आवाजच नव्हता. एका फळीवर कुणीतरी लालसर फळांच्या परड्या मांडून ठेवल्या होत्या, विकणारं माणूस नव्हतं. घरांच्या दारांशी चपला ओळीत, टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवलेल्या. काका हात मागे बांधून चालत होते. समोरून कुणी आलं की ते दोन्ही हात जोडून ‘जय भीम’ म्हणायचे, समोरचा कमरेत वाकायचा. एका ठेंगण्या म्हातारीने थांबून, ओठ जुळवून तो शब्द परत म्हणून पाहिला, ‘‘जाई बिमु.’’

‘‘शंभर टक्के बरोबर, माय,’’ काका तिला मराठीत म्हणाले. मग माझ्याकडे वळून, ‘‘पाहिलं? सकाळपासून फिरतोय, एकाने विचारलं का, तुम्ही कोण म्हणून?’’

विचारलं नव्हतं हे खरं. पण सकाळपासून आम्हाला माणसंच सात भेटली होती. ते मी बोलले नाही.

कुसानोसान (जपानीत नावाला आदराने ‘सान’ जोडतात) साठीच्या आतले, स्वेटर आणि बागकामाचे हातमोजे घातलेले, छोट्या पांढऱ्या ट्रकमधून पाला उतरवत होते. पुजारी लग्न झालेला असतो, ट्रक चालवतो, हे काकांनी मोठ्या उत्सुकतेने पाहिलं. पुजारीणबाईंनी चहा आणि मुळ्याचं लोणचं दिलं, काकांनी चिवडा दिला. कुसानोसाननी एक शेंगदाणा बोटांत धरून पाहिला, मग बराच वेळ चावला आणि मान डोलावली. मग आम्ही मुख्य दालनात गेलो. काकांनी मूर्तीसमोर बसून त्रिशरण म्हटलं, स्वच्छ, खड्या आवाजात, जसं ते लीड्सच्या कम्युनिटी हॉलमध्ये म्हणतात. आता पुजारी आपल्या मागून म्हणेल अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्येक ओळीनंतर ते क्षणभर थांबत होते. कुसानोसान हात जोडून ऐकत होते. त्यांना ते शब्द येत नव्हते.

‘‘येत नाही त्याला?’’ काकांनी हळूच विचारलं.

‘‘त्यांचं वेगळं असतं, काका.’’

‘‘असू दे. ऐकलं तर खरं.’’

मग कुसानोसाननी आतून फळी आणली. दोन्ही हातांवर आडवी, लहान मूल आणावं तशी. माणसाहून उंच, ताज्या लाकडाचा वास येणारी. वरच्या टोकाला खाचा आणि त्यांखाली वळणदार जुनी अक्षरं, जी फार पूर्वी भारतातून इकडे आली आणि फक्त असल्या फळ्यांवर उरली. काका त्यांच्यावर वाकले. ‘‘हा अ आहे काय गं? अ सारखाच दिसतो.’’ त्यांचा आवाज अगदी पोरसवदा झाला होता. मग त्यांचं बोट खाली सरकलं, काळ्याभोर, टपोऱ्या चित्रलिपीवर.

‘‘आणि हे आईचं नाव.’’

मी वाचलं. परत वाचलं.

‘‘तनू?’’

मृत माणसाला इथं नवीन नाव देतात. बुद्धाचा अनुयायी म्हणून पुजारी ते निवडतो, त्यात सुंदर अर्थाची अक्षरं घालतो, आणि कबरीवर, फळीवर तेच लिहितात. हे मी पहिल्याच वर्षी वर्गात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण हे भीमाबाईंना लागू होईल असं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. कुसानोसाननी किती तरी विचार करून ती अक्षरं निवडली होती. ते आनंदाने अर्थ सांगत होते: दूरच्या देशातली, चांदण्यासारखी शांत, करुणा असलेली स्त्री.

मी काकांना ते सगळं सांगितलं.

‘‘छान आहे,’’ काका म्हणाले. मग फळीवर बोट ठेवून, ‘‘पण ही बाई कोण?’’

मी कुसानोसानकडे पाहिलं.

‘‘त्याला सांग, आईने नाव एकदा बदललं. स्वतः बदललं. त्याच्याआधी दुसऱ्यांनी ठेवलेलं होतं, आणि मेल्यावर परत दुसऱ्यांनीच ठेवलं. आता तिसऱ्या कोणी ठेवायचं नाही. चांगलं असलं तरी नाही.’’

मी शब्द जुळवू लागले. तुमचे फार आभार, पण त्यांच्या प्रथेनुसार, जर शक्य असेल तर... काकांना जपानी येत नव्हतं, पण माझा सूर कळत होता.

‘‘साखर टाकू नको, पोरी. मी बोललो तसं सांग. दगडी सांग, सासू सांग, दाखला सांग. सगळं.’’

मग मी सांगितलं. माझ्या तुटक जपानीत दगडीचा अर्थ सांगितला. चुलीपाशी बसलेली सासू सांगितली, फोनच्या पडद्यावरचा अंत्यविधी सांगितला. मध्ये एकदा शब्द अडला, तेव्हा काकांनी बाहेर अंगणातल्या दगडाकडे बोट केलं. कुसानोसान गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत राहिले. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी फळी उचलून बाजूला ठेवली, आणि मला वाटलं, संपलं. सहा हजार मैल आलो आणि एका भल्या माणसाचा अपमान करून परत निघालो.

ते उठले, म्हणाले, ‘‘माझ्याबरोबर या,’’ आणि पायात बूट घातले.

देवळामागे नीटनेटकं स्मशान होतं, धुतलेल्या राखाडी दगडांचं, फुलं ठेवलेलं. ते त्यातून थेट पुढे गेले. कुंपण ओलांडून, उतारावर, बांबूंच्या गर्दीत. तिथं गुडघ्याएवढे अठरा दगड होते, शेवाळलेले. एकेकाळी गावाच्या खालच्या अंगाला एक वस्ती होती, त्यांनी सांगितलं. मेलेली जनावरं ओढणं, कातडी कमावणं ही त्यांची कामं. ती माणसं मेल्यावर देवळाने त्यांनाही नावं दिली, सगळ्यांना देतात तशीच. फक्त त्यांच्या नावात एक अक्षर घातलं. कुसानोसाननी खाली बसून एका दगडावर बोट ठेवलं. मी ते अक्षर ओळखलं, आणि काकांकडे पाहायचं धाडस झालं नाही.

‘‘काय लिहिलंय?’’

‘‘जनावर,’’ मी म्हणाले.

बांबू हलत होते. खाली पाटाचा आवाज.

‘‘खालच्या अंगाला म्हणजे, पाणी जातं त्या बाजूला?’’ काकांनी विचारलं.

मी विचारून सांगितलं, ‘‘हो.’’

‘‘आमची वस्ती पण तिथंच. माझा आजा ढोरं ओढायचा.’’ ते एका दगडाशेजारी मातीतच बसले. ‘‘म्हणजे इथं पण विचारत होते.’’

कुसानोसान हळूहळू बोलत राहिले, मी सांगत गेले. त्यांच्या वडिलांच्या काळात त्या वस्तीतल्या वारसांनी देवळाला जाब विचारला. काही घरांनी नवे दगड केले, नवी नावं कोरली. काही घरांचं कुणी उरलं नव्हतं, ते हे अठरा. ‘‘ही नावं ज्यांनी लिहिली ते माझ्याच घरातले होते,’’ ते म्हणाले, ‘‘वळणदार हस्ताक्षर होतं त्यांचं. त्यांनी कुणाला विचारलं नाही. मीही तुम्हाला विचारलं नाही.’’ आणि ते काकांसमोर जमिनीला कपाळ टेकेल इतके वाकले.

काका ताडकन उठले. ‘‘अहो, नका, नका,’’ म्हणत त्यांना दंडाला धरून उठवू लागले, मराठीतच. ‘‘याला सांग तनू, पायाबिया पडायचं नाही. आमच्यात चालत नाही ते.’’

काका उतारावरून वर आले. अंगणातल्या दगडी हौदापाशी थांबले, तिथली लाकडी बादली भरली, आणि परत खाली गेले. मीही गेले. त्यांनी खिशातून रुमाल काढला. एकेका दगडावर पळीने पाणी ओतलं, शेवाळ पुसलं, आणि कोरड्या टोकाने अक्षरांवरून बोट फिरवलं. ज्या अक्षराचा अर्थ आता त्यांना कळला होता, त्याच्यावरून ते बोट तितक्याच सावकाश गेलं. अठरा दगड. पाणी आणायला मला चार खेपा झाल्या.

‘‘वर चला आता, काका. थंडी आहे.’’

‘‘थांब. आईला काय सांगू ते ठरू दे.’’

नवव्या की दहाव्या दगडाशी ते एकदम म्हणाले, ‘‘खोटं बोललो मी तिला. सगळा देश बुद्धाचा, म्हणालो.’’ पुढच्या दगडाशी, ‘‘पण मला तरी काय माहीत होतं?’’ आणि शेवटच्या दगडाशी, रुमाल पिळताना, ‘‘विचारलं तर विचारलं. आपण नाव सांगायचं.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसानोसाननी कोरी फळी, शाई आणि कुंचला मांडून ठेवला होता. वरची जुनी अक्षरं त्यांनी लिहिली. मग कुंचला काकांच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला सरकून बसले. काकांनी सोळा वर्षं ज्या हाताने लेबलं लिहिली त्या हाताला कुंचला काही केल्या जमेना. ‘भी’ची वेलांटी जाड होऊन शाई ओघळली. ते चिडले, स्वतःला नागपुरी शिवी दिली, मग पुजाऱ्याकडे पाहून जीभ चावली. एकेक अक्षर मोठ्याने म्हणत त्यांनी पुढची लिहिली. भी. मा. बा. ई. लिहून झाल्यावर खाली बोट ठेवून परत तपासली.

फळी कुठं उभी करायची, असं कुसानोसाननी विचारलं. पुढच्या अंगणात, मुख्य दालनाजवळ, चांगली जागा होती.

‘‘मागं,’’ काका म्हणाले. ‘‘त्या अठरांजवळ. आई पुढं एकटी बसून काय करणार? तिला गप्पा मारायला माणसं लागतात.’’

तिथं ती उभी आहे. लाकूड आहे, ऊन-पावसात पाच-सात वर्षांत काळं पडेल, अक्षरं जातील. हे मी काकांना परतीच्या गाडीत सांगितलं, आधी माहीत असावं म्हणून. ते म्हणाले, ‘‘जाऊ दे ना. तोवर त्यांची ओळख झालेली असेल.’’

लीड्सला आल्यावर कम्युनिटी हॉलमधल्या रविवारच्या बैठकीत सगळ्यांनी त्यांना घेरलं. फोटो पाहिले. एक वकील गृहस्थ, जे सगळ्यांचीच फिरकी घेतात, म्हणाले, ‘‘काय रामटेके, एवढं जपान करून आले, बुद्ध भेटला का?’’

‘‘हाव. मागच्या बाजूला होता,’’ काका म्हणाले, आणि मग त्यांनी अठरा दगडांची हकिगत सांगितली, पहिल्यापासून, काही न वगळता. काहींना ती आवडली नाही. बौद्ध देशाबद्दल असं का सांगायचं, लोक आपल्यालाच हसतील, असं एक जण बोलला. काका म्हणाले, ‘‘लेबल चुकलं असेल तर ट्रे परत पाठवायचा. लपवला तर पेशंट मरतो.’’ आणि चहा घ्यायला उठले.

दाखल्याचा अर्ज त्यांनी सोडला नाही. आता ते विक्रांतकडून न करवता स्वतः लिहायचे, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, मराठीत, हाताने. तेच चार परिच्छेद, खाली सही. मी विचारलं, उत्तर येईल का? म्हणाले, ‘‘आईने तीन दिवस ओ दिली नव्हती. माझे तर चारच महिने झाले.’’

मार्चमधल्या एका बुधवारी ते मेथी आणायला बाजारात निघाले आणि बसमध्येच, बसल्या जागी, गेले. शेजारच्या बाईला ते झोपले आहेत असं वाटलं. अर्ज आता विक्रांत लिहितो. मराठी हाताने लिहायला शिकतोय, पहिला मसुदा मला तपासायला पाठवतो. आजीचा नाव, मग खोडून, आजीचं नाव.

त्या बुधवारी सकाळी त्यांना निघायला उशीर झाला होता. त्यांच्या पायात बूट होते, हातात लोकरी मोजे, गळ्यात विक्रांतने दिलेला मफलर. मी जिन्यावर दात घासत उभी होते. बाहेर भुरभुर होती. ते दार ओढून घेत होते, मग थांबले, पाटीकडे पाहिलं, मोज्यांकडे पाहिलं, आणि परत डोकं आत घातलं.

‘‘तनू, पाटी राहिली आज. मोजे ओले होतील, तू जाताना पुसून जा. आणि कचऱ्याचा डबा बाहेर ठेव. हिरवा हं, काळा नाही.’’